नियम क्रमांक एक

सोमवार, ३ मार्च

सायंकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी ‘दूरदेश’ या ऑनलाइन खेळात प्रवेश केला. सहा वाजून अकरा मिनिटांनी मेलो. कारण — बदक.

पार्श्वभूमी नोंदवून ठेवतो. गुरुवारी वहिनींचा फोन आला. दादाच्या घशाचे ऑपरेशन झाले. बोलण्यास डॉक्टरांची सक्त मनाई. “तुमच्याशी सहा वर्षं बोलत नव्हतेच, आता कुणाशीच बोलत नाहीत,” असे त्या म्हणाल्या. दिवसभर हा खेळ खेळतो. त्यात टाइप करून बोलता येते. नदीच्या पैल बाजूस म्हणे त्याची स्वतःची पाणचक्की आहे!

सौ. म्हणाली, “अहो, बसने दोन तासांचा रस्ता. उठा आणि जा की!” तिला मी पुन्हा एकदा समजावून सांगितले. वडिलांचे भिंतीवरचे घड्याळ दादा सात मिनिटे पुढे ठेवत असे. मी ते बरोबर लावले. त्याने पुन्हा पुढे केले. मी पुन्हा बरोबर लावले. तो म्हणाला, “तू माणूस नाहीस, फूटपट्टी आहेस.” मी उंबऱ्यावर उभा राहून म्हणालो, “या घरात पुन्हा पाऊल ठेवणार नाही.” दिलेला शब्द तो शब्द. मात्र पाणचक्की म्हणजे ते घर नव्हे. तेथे गेल्याने शब्दास बाधा येत नाही.

सौ.ने कपाळावर हात मारला.

मंगळवार, ४ मार्च

बदकाने नऊ वेळा मारले. दहाव्या वेळी लांबून वळसा घेतला आणि नदीच्या धक्क्यावर सुखरूप पोहोचलो. तेथे एक होडी, एक नावाडी. नावाडी म्हणाला, “थांबा. सगळे आले की निघू.”

या खेळात भेटलेला शिस्तीचा पहिला इसम. थांबलो. दीड तास थांबलो. कोणीही आले नाही.

बुधवार, ५ मार्च

या खेळात नवागतास मार्गदर्शनाचा संपूर्ण अभाव आहे. कुठे थांबावे, कुठून वळावे, बदकाशी कसे वागावे — एका शब्दाने कोणी सांगत नाही. आमच्या गोदामात साधा ट्रक आत घ्यायचा तर फाटकावर अकरा सूचना लावलेल्या असतात. येथे माणसे मरत आहेत!

संकेतस्थळ काढावयाचे ठरवले. आवक-जावक विभागात संगणकाचे काम पाहणाऱ्या बाईंना विचारले. पुढच्या वर्षी निवृत्त होतील, पण संगणकावर हात बसलेला. म्हणाल्या, “साहेब, एकच पान ना? जेवणाच्या सुट्टीत करून देते.”

रविवार, ९ मार्च

संकेतस्थळ सुरू झाले. मजकूर पुढीलप्रमाणे:

नियम १. धक्क्यावर पोहोचल्यावर, नावाड्याच्या सूचनेनुसार, सर्व येईपर्यंत थांबावे. होडीत घुसू नये.

नियम २. बदकाच्या वाटेस जाऊ नये.

सौ.ने वाचले. “यात खेळ कुठाय हो? ही तर गोदामाच्या फाटकावरची पाटी झाली.” समाधान वाटले.

रविवार, १६ मार्च

धक्क्यावर अकरा जण! सर्वांनी संकेतस्थळ वाचलेले. कसे सापडले कोण जाणे. मात्र घोळक्याने उभे होते, ते पाहवेना. म्हणून नियम ३ जारी केला: रांग लावावी. जो रांग सोडून जाईल त्याने परत आल्यावर शेवटी उभे राहावे.

या नियमाचा पहिला बळी मीच. सौ.ने जेवायला हाक मारली. पहिला होतो, परत आलो तो बारावा. नियम म्हणजे नियम.

थोड्याच वेळात माझ्या मागे एक जण येऊन उभा राहिला. त्याने स्वतःचे नाव ‘ढेकूण’ असे ठेवले आहे. लोकांना लाज कशी वाटत नाही! त्याने हातातले वल्हे माझ्या पाठीत टोचले. विचारले, “या रांगेच्या टोकाला काय मिळतं?”

मी लिहिले, “होडी.”

“ती तर रिकामीच आहे.”

“सगळे आलेले नाहीत.”

त्याने वल्हे खाली केले. लिहिले, “बरं.”

शनिवार, २२ मार्च

संकेतस्थळ आता चौदा पानांचे. धक्क्याचा नकाशा जोडला (लांबी बेचाळीस पावले, स्वतः तीन वेळा मोजली). परिशिष्ट अ — बदक: स्वभाव, वेळा, खबरदारी. परिशिष्ट ब — रांगेत करावयाचे संभाषण, नमुन्यासह. पैल बाजूविषयी माहिती नसल्याने ते पान ‘यथावकाश’ असे लिहून मोकळे ठेवले आहे.

बाई कुरकुरल्या. “साहेब, एक पान म्हणाला होतात. बदकालाच चार झाली!” मी म्हणालो, चार पाने वाचणारा मरणार नाही. म्हणाल्या, “कंटाळून मेला तर?” त्यांचा स्वभावच विनोदी.

गुरुवार, २७ मार्च

ढेकणाची पत्रे येऊ लागली आहेत. संकेतस्थळाच्या पत्त्यावर, रोज एक. “नियम ९ मध्ये झाड डावीकडे लिहिले आहे. ते उजवीकडे आहे.” तपासले. उजवीकडे आहे. “धक्का बेचाळीस पावले नाही, एकेचाळीस. तुम्ही पहिले पाऊल दोनदा मोजता.” संतापलो. मोजले. एकेचाळीस!

दुरुस्ती केली. असा नेमका माणूस आजकाल विरळाच.

चमत्कारिक म्हणजे, मी ऑफिसला गेलो किंवा जेवायला उठलो की परत येऊन शेवटी उभा राहतो, आणि दोन मिनिटांत तो माझ्या मागे हजर. कधी माझ्यापुढे नाही. वल्हे मात्र टोचतच असतो.

बुधवार, २ एप्रिल

रांगेत चारशे सहा.

खेळाच्या कंपनीचे पत्र आले: “धक्क्यावरची वाढती वर्दळ पाहून आम्हांस आनंद होत आहे. खेळाडूंच्या सोयीसाठी तेथे बाक बसवण्यात आले आहेत.” बाक एकेचाळीस पावलांवर अचूक बसवले आहेत. माझा नकाशा वापरलेला दिसतो. नियम १७ — बाकावर बसल्यास रांग सोडली असे समजले जाणार नाही.

रांगेतील एकशे चौऱ्याण्णव व एकशे पंच्याण्णव यांचे लग्न ठरले. घरी कळवायला म्हणून दोघे उठून गेले. आता चारशे पाच व चारशे सहा आहेत. आनंदात आहेत.

रविवार, ६ एप्रिल

वहिनींचा फोन. एकोणतीस तारखेला दादाचे पुन्हा ऑपरेशन. या वेळी मोठे आहे. आवाज राहील की नाही, डॉक्टर सांगत नाहीत. इतर गोष्टींबद्दलही सांगत नाहीत.

“त्यांना मागेच सांगितलं होतं, भाऊजी त्या खेळात आलेत म्हणून.”

“काय म्हणाला?”

“काय म्हणणार? मान हलवली. हल्ली त्या संगणकासमोर बसून मधूनच हसतात. आवाज न करता. खांदे तेवढे हलतात. — तुम्ही पोचताय कधी?”

“मी रांगेत आहे, वहिनी.”

“कितवा नंबर?”

“तीनशे अठ्ठ्याऐंशी.”

“भाऊजी,” त्या म्हणाल्या, “तुम्ही दोघं एका आईचे आहात हे मला कुणी सांगायला नको.”

गुरुवार, १० एप्रिल

आज पैल बाजूच्या एका गाडीवानाचे पत्र आले. जसेच्या तसे उतरवतो:

“काका, तुमच्या संकेतस्थळापायी आमच्याकडे महिनाभर एक नवीन माणूस आलेला नाही. बाजार ओस पडलाय. अहो, होडीत बसलं की होडी निघते! नावाडी सगळ्यांना तेच म्हणतो. त्याला दुसरं वाक्य येतच नाही.”

तीनदा वाचले. मग पाणी प्यालो. मग पुन्हा वाचले.

म्हणजे ४ मार्च रोजी, सायंकाळी सात वाजता, मी पाय उचलून होडीत टाकला असता तर साडेसातला पाणचक्कीवर असतो.

सौ.ला सांगितले. ती हसेल असे वाटले होते. हसली नाही. चहा करून आणला.

शुक्रवार, ११ एप्रिल

शुद्धिपत्र प्रसिद्ध केले. “नियम १ रद्द समजावा. चूक संपूर्णपणे माझी आहे. होडीत थेट बसावे.” पहिल्या पानावर, लाल चौकटीत. बाईंनी अक्षर मोठे करून दिले.

शनिवार, १२ एप्रिल

कोणीही हलले नाही!

मी धक्क्यावर जाऊन स्वतः सांगितले. चारशे वीस क्रमांकाच्या मावशी म्हणाल्या, “तुम्ही नवीन दिसता. आधी संकेतस्थळ वाचा.”

“ते संकेतस्थळ माझेच आहे!”

“सगळे असंच म्हणतात हो. नियम २२ बघा.”

नियम २२ — रांगेत कोणी ओळख सांगून पुढे जाऊ पाहील तर त्याकडे लक्ष देऊ नये. मीच लिहिला आहे. चांगला लिहिला आहे.

“आणि शुद्धिपत्र?” मी विचारले.

“ते खोटं आहे,” एक जण म्हणाला. “मूळ लेखक इतका गबाळा नाही. अशी ढळढळीत चूक तो करणारच नाही.”

इतकी स्तुती आयुष्यात कोणी केली नव्हती. आणि ती नेमकी या वेळी!

मंगळवार, १५ एप्रिल

एकाने रांग मोडली, होडीत उडी मारली. होडी निघाली. सर्वांनी डोळ्यांनी पाहिले.

“बुडाला असणार,” मावशी म्हणाल्या. सर्वांनी माना डोलावल्या.

सौ. मागे उभी राहून पाहत होती. “आता तुम्ही जा ना. पाय टाका. कोण अडवतंय?”

मी म्हणालो, “माझ्यापुढे चारशे माणसे माझ्या शब्दावर उभी आहेत. त्यांना ओलांडून मी कसा जाऊ?”

“आणि पलीकडे जो उभा आहे, त्याचं काय?”

मी रांगेतली माणसे पुन्हा मोजली.

शनिवार, १९ एप्रिल

शनिवार असल्याने दुपारपासून रांगेत. ढेकूण मागे. त्याने आपण होऊन विचारले, “तुम्हाला पलीकडे नक्की काय काम आहे?”

“मोठ्या भावाला भेटायचे आहे.”

“भांडण?”

“सहा वर्षे.”

“कशावरून?”

परक्या माणसास सांगावे की नाही, थोडा विचार केला. सांगितले. “तो घड्याळ पुढे ठेवत असे.”

“मग काय बिघडलं? घरातले सगळे वेळेवर निघत असतील.”

“ते खरे. पण घड्याळ चुकीची वेळ दाखवत होते.”

“आणि बरोबर लावल्यावर?”

आठवून पाहिले. पुतणीची परीक्षेची बस चुकली होती, त्याच आठवड्यात. हे मी कधी त्या गोष्टीशी जोडून पाहिलेच नव्हते. तसे लिहिले. ढेकणाने वल्हे टोचले नाही. म्हणाला, “औषधाची वेळ झाली. येतो.” दोन मिनिटांत परत आला, आणि नियमाप्रमाणे शेवटी — म्हणजे पुन्हा माझ्याच मागे — उभा राहिला.

रविवार, २७ एप्रिल

परवा ऑपरेशन.

रांगेत माझ्यापुढे चारशे एकेचाळीस. संकेतस्थळाची आता त्रेसष्ट पाने. आज एकही पान लिहिले नाही.

सोमवार, २८ एप्रिल

उद्या पहाटेच्या पहिल्या बसने दादाच्या घरी जात आहे. तेथून सगळे मिळून इस्पितळात. उंबऱ्याबाबतच्या शब्दाचे शुद्धिपत्र सौ.ने तोंडी मंजूर केले. पिशवी तिने परवाच भरून ठेवली होती. आता कारण लिहितो.

सायंकाळी रांगेत उभा होतो. मागून वल्हे टोचले. ढेकणाने लिहिले, “तुझ्या वहिनीनं सांगितल्यापासून चक्की सोडून इथं तुझ्यामागे उभा आहे. फूटपट्टी, बस आता होडीत.”

मागील सर्व नोंदी तपासल्या. ढेकणाला मी तो शब्द कधीही सांगितला नव्हता.

रांग मोडली. मावशी ओरडल्या, चारशे एकेचाळीस जण ओरडले. आम्ही दोघे होडीत बसलो. नावाडी म्हणाला, “थांबा. सगळे आले की निघू.”

होडी तत्काळ निघाली. सगळे आले होते.