वर्ष पुरं होण्याआधी

आईंना उगोन्माचा गुडघे टेकून नमस्कार.

मी कॅम्पवर सुखरूप पोचले. पदवीनंतरची ही राष्ट्रसेवा कुणालाच चुकत नाही, तेव्हा काळजी करू नका. भात पोटभर मिळतो. माझी छोटी कोसी माझ्याशिवाय झोपते का? तिची पाठ खाजवावी लागते.

एक गोष्ट तुम्हाला माझ्याकडूनच कळावी. इथे सगळ्यांना पांढरे कपडे सक्तीचे आहेत. पहिल्या सकाळी मी काळ्यातच रांगेत उभी राहिले. हवालदार ओरडला, "ए ओतोंडो, कुणाच्या मयताला आलीस?" नव्यांना इथे 'ओतोंडो' म्हणूनच हिणवतात. मुली हसल्या.

मी म्हणाले, "नवऱ्याच्या."

मग कुणी हसलं नाही. त्याने टोपी काढली, पण म्हणाला, "ताई, नियम माझ्या हातात नाही."

दुखवट्याचे कपडे वर्षानंतर घरच्या विधवांनी उतरवायचे, म्हणजे तुमच्या हातांनी. मी ते चार महिने आधीच, न्हाणीघरात एकटीने उतरवले. सेवा पुढच्या वर्षावर ढकल, असं तुम्ही म्हणाला होतात. ऐकायला हवं होतं.

कपडे धुऊन पेटीत ठेवलेत. परत आले की तुम्हीच मला ते पुन्हा घाला. राहिलेले महिने मी पुरे करेन, मग रीतीप्रमाणे तुम्हीच ते जाळा.

भजी बांधून येणाऱ्या कागदांवर वाचायला शिकलेल्या बायकोला गणवेशात पाहायची इकेदीला फार हौस होती. अंगणात त्याच्या कबरीपाशी बसाल, तेव्हा त्याला एवढं सांगा, की गणवेश मला फार ढगळ होतो. तो हसला असता.

तुमची सून,
उगोन्मा