दलदलीचे दोन रकाने

४ फेब्रुवारी

"तू लिहिलंस ना, की कुठलीही गोष्ट बरी वाटते." आई म्हणाली होती. मी नववीत होते. भाडेकरूंना घर सोडायला सांगणारं पत्र तिने माझ्याकडून लिहून घेतलं होतं.

आज मुख्याध्यापिकाही जवळजवळ तेच म्हणाल्या. शाळेमागची दलदल बुजवून गाड्या लावायला जागा करायची आहे. शनिवारी पालकसभेत ठरणार. "सूचना तुम्हीच लिहा हो. आणि सभेत वाचाही तुम्हीच. तुमच्या तोंडून ऐकलं की कोणी नाही म्हणत नाही!"

मधल्या सुट्टीत लिहूनसुद्धा टाकली. दहा मिनिटं. छान झाली. लगेच सूचनाफलकावर लागलीही.

५ फेब्रुवारी

भाषेच्या नव्या बाईंना सगळे सिनेमावाली म्हणतात. गणिताचे सर तर रोज — "आज कुठला खेळ? पॉपकॉर्न आणू का?" ती म्हणते, "आणा की. वर्गाला पुरतील एवढे आणा!"

माझा तास मोकळा होता. तिच्या वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसले. एका बेडकीचा कार्टूनपट; तिचं तळं बुजवायला निघालेला एक गिरणीवाला. आधी आवाज बंद! मुलांनी नुसतं तळं पाहायचं. मग आवाज लावून वहीत दोन रकाने — बेडकी तळ्याला काय म्हणते, गिरणीवाला काय म्हणतो. बेडकी: आमचं अंगण, माझी बाळंतखोली. गिरणीवाला: डबकं, घाण, पडीक जागा.

"तळं बदललं का?" "नाही!" "मग?"

उत्तरासाठी ती चक्क थांबली. मी असते तर उत्तर सांगून मोकळी झाले असते — वीस वर्षं तेच करत आलेय. शेवटी लांब वेणीवाली एक मुलगी हळूच म्हणाली, "बाई, त्याने आधी तळ्याला नावं ठेवली, मग बुजवलं. नाहीतर त्याला लाज वाटली असती."

काय शिकवते ही!

६ फेब्रुवारी

नाक गळतंय. तरी तिचा तास चुकवला नाही. मुलांना अभ्यास दिलाय — गिरणीवाल्यासारखं बोलणं आसपास शोधून आणा.

७ फेब्रुवारी

लांब वेणीवालीने सूचनाफलकावरचा कागदच काढून आणला. माझा! माझ्या अक्षरातला. 'निरुपयोगी, दुर्गंधीयुक्त, पडीक जागा.'

"गिरणीवाला! गिरणीवाला!" मुलं बाकं बडवायला लागली. मग दलदलीचेही दोन रकाने झाले. एकात माझे शब्द. दुसऱ्यात मुलांनी तिथे पाहिलेलं — पाणकोंबडीची पिल्लं, चतुर, एक कासव. मी लिहिताना खिडकीतून वाकूनही पाहिलं नव्हतं.

"कोणी लिहिलंय, बाई?"

सिनेमावालीने अक्षर ओळखलं होतं. नक्की! म्हणाली, "ज्यांनी लिहिलं, त्यांना घाई असेल." कागदाची घडी करून ठेवून दिली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

जिन्यात तिला गाठलं. "अगं, सांगायचंस की माझं नाव."

"ताई, इतकी वर्षं शिकवून कोण येऊन बसतं मागच्या बाकावर? तुम्ही बसलात."

माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान. एवढं मोठं मन कुठून आणलं हिने?

८ फेब्रुवारी

सकाळीच मुख्याध्यापिकांच्या टेबलावर चिठ्ठी ठेवून आले. चष्मा काढतील, "आता तुम्हीसुद्धा त्या सिनेमावालीसारख्या?" म्हणतील आणि नाही म्हणतील. चिठ्ठीत एवढंच — "बाई, ही सूचना मी न बघता लिहिली. उद्या सभेत तसं सांगून, तिच्याऐवजी मुलांचे दोन रकाने वाचू द्याल का?"