दुलापच्या खानदानाची चौकशी

शारजा, शुक्रवार

आदरणीय मोहिद्दीनचाचांना मुझम्मिलचा सलाम. चाचींचे गुडघे आणि तुमची साखर, दोन्ही ताळ्यावर असतील अशी उमेद आहे. अल्लाच्या मेहेरबानीने आम्ही बरे आहोत, फक्त माझं डोकं जागेवर नाही.

त्याचं असं झालं, यम्नाच्या शाळेत प्रोजेक्ट आला, वर्गात शेजारी बसणाऱ्या मुलीच्या भाषेतला एक शब्द घ्या आणि तो कुठून आला ते शोधा. शेजारी रोमानियाची मुलगी, शब्द ‘दुलाप’, म्हणजे कपाट. यम्ना म्हणाली, “डॅडी, कॅन यू हेल्प मी?” चाचा, बारा वर्षांत पोरीने मला पहिल्यांदा काही विचारलं (एरवी “यू वोन्ट नो” म्हणून मोकळी होते). तिच्यासमोर अब्रू जायला नको, म्हणून लागलो कामाला.

आधी तुर्की न्हावी. तो म्हणाला, आमच्याकडेही ‘दोलाप’ म्हणजे कपाटच, पण शब्द घेतला अरबांकडून, त्यांच्या ‘दुलाब’वरून. आता इथे शिक्क्याशिवाय कागदाला किंमत नाही (माझ्या निकाहनाम्याला रत्नागिरीपासून अबुधाबीपर्यंत शिक्के मारून आणले, तेव्हा कुठे एमानचा व्हिसा झाला). म्हणून न्हाव्याची सही आणि दुकानाचा शिक्का घेतला. मग इंडस्ट्रियल एरियात यहयाचं गॅरेज. तो सीरियाचा. मी ‘दुलाब’ म्हणेपर्यंत त्याने माझ्या गाडीचा पुढचा टायर काढलासुद्धा, कारण त्यांच्याकडे दुलाब म्हणजे टायर. टायर परत बसवून घेतला, शिक्का घेतला. शेवटी इराणी किराणावाला. तो म्हणतो, शब्द मुळात आमचा. दोल म्हणजे बादली, आब म्हणजे पाणी, दोलाब म्हणजे विहिरीवरचा रहाट. चाचा, रहाटाचं कपाट कसं झालं आणि मध्येच टायर कुठून आला, हे मला अजून समजलेलं नाही. शिक्का मात्र घेतला.

कागद बघून यम्नाने कपाळाला हात लावला. तिला हव्या होत्या चार ओळी, मी अख्ख्या खानदानाचं अटेस्टेशन करून आणलं. पण टीचर खूश झाल्या, कागद वर्गात लावला. खलास, काम फत्ते, आपली इभ्रत राहिली.

एमानचा दोघांना सलाम.

तुमचा,
मुझम्मिल

ता. क. कागद बघायला मी मुद्दाम शाळेत गेलो. त्याखाली शाळेचा फॉर्म जोडला होता, त्यात एक चौकट होती, कपाटाला तुमच्या घरच्या भाषेत काय म्हणतात? यम्नाने लिहिलं होतं, ‘कबर्ड’. चाचा, फार वाईट वाटलं.

आणखी एक. तुम्ही तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलीत, तर सुट्टीचे दोन महिने तिला तुमच्याकडे ठेवून घ्या. तिकीट काढलंय, तिला अजून सांगितलेलं नाही. ते तुम्हीच फोनवर सांगा. फक्त मराठीत सांगू नका, तिला कळणार नाही.