डोळ्यांतल्या पाण्याचा रकाना

ती. आईस, लांबूनच वाकून नमस्कार.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. गुडघ्याला तेल लावतेस ना? की नुसतंच 'हो' म्हणतेस?

परवा फोनवर तू विचारलंस, श्वासाची नळी घालताना बाबांच्या डोळ्यांतून पाणी आलेलं काचेतून दिसलं, त्यांना दुखलं का. मी घाईघाईने 'नाही' म्हणाले. आता नीट सांगते.

इथे इस्पितळात माझं कामच ते बघायचं आहे. ऑपरेशनसाठी झोपवायच्या औषधाआधी द्यायची अफूच्या जातीची दोन वेदनाशामकं आम्ही ताडून बघतोय. माझी नोंद एकीकडे झुकू नये म्हणून कुणाला कुठलं दिलं, ते मला सांगत नाहीत. नळी जाताना कोण खोकलं, कुणाचा हात हलला, कुणाच्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी रकान्यांत लिहिते. जागं झाल्यावर प्रत्येकाला विचारते. आजवरच्या साठांपैकी एकालाही नळी आठवली नाही. पाणी आलेल्यांनाही नाही.

बाबा मात्र पुन्हा जागेच झाले नाहीत, त्यांना विचारता येत नाही गं. साठ परक्यांच्या उशाशी मी होते, त्यांच्या नव्हते.

झोपवताना मी प्रत्येकाचा हात धरते. बाबांचा कुणी धरला होता का? नसेल धरला, तरी धरला होता असंच लिही.

तुझी,
धाकटी