मिशा काढल्या, घोडी राहिली

२६ एप्रिल, शनि.
कर्जतच्या वाचनालयात बोलावलं होतं. विषय : स्वतःचं पुस्तक स्वतः कसं काढावं. चाळीस खुर्च्या, अकरा बायका, एक पंखा. मला सल्ले द्यायला फार आवडतं हे आज पुन्हा कळलं. रोज पहाटे नळाला पाणी यायच्या आत एक पान लिहा. छापायच्या आधी सगळं मोठ्यानं वाचा. घरातलं कोणी कादंबरीत घेतलंत तर नाव बदला, गाव बदला, मिशा असतील तर काढून टाका. बायका हसल्या. खूश होते.

नंतर चहाच्या वेळी एक बाई सहीला आल्या. माथेरानला हॉटेलात कामाला असतात. हळूच म्हणाल्या, "हरणीवाल्यांची बहीन ना तुमी?"

सही करताना स्वतःच्याच नावात खाडाखोड झाली.

२७ एप्रिल
छापलेली कादंबरी पुन्हा उघडून बसले. दादाचं नाव बदललंय. आमच्या लोधिवलीचं दुसरंच गाव केलंय. त्याला बिनलग्नाचा ठेवलाय, मिशाही काढल्यात. घोडीचं नाव तेवढं हरणीच. दुसरं घालून पाहिलं होतं, वाक्यं चालेचनात.

आणि माथेरानच्या दस्तुरीला, जिथं गाड्या थांबतात नि दादासारख्यांचे घोडे लागतात, तिथं माणूस त्याच्या घोड्याच्या नावानं ओळखला जातो. लहानपणापासून ऐकत आलेय मी हे. हरणी जाऊन आठ वर्षं झाली, आता सुलतान आहे, तरी दादा हरणीवालाच. म्हणजे मिशा काढल्या आणि दारावरची पाटी तशीच ठेवली. वर लोकांना सल्ले.

जे लिहिलं ते त्यानं एकदाच, मला एकटीला सांगितलेलं. हरणी मेली नव्हती. एका डोळ्यानं दिसेना, तिच्यावर माणसं बसवता येईनात, तेव्हा त्यानं ती लग्नाच्या वरातीवाल्याला दिली. घरी सांगितलं, वरच मेली, तिथंच पुरली. आईनं त्या वर्षी दिवाळीलाही गोड केलं नाही.

पुस्तक आल्यापासून, दोन महिने, दादाचा फोन नाही. सीझन आहे, वेळ मिळत नसेल, असं म्हणत होते मी. मूर्ख.

२९ एप्रिल
नवीन कादंबरीचं एकच वाक्य पाचव्यांदा लिहिलं, पाचव्यांदा खोडलं. मोहोपाड्यात आज कारखान्यांचा वासही फार येतोय, खिडक्या बंद. सुहास म्हणतो, कादंबरी आहे, इतकं काय मनाला लावून घ्यायचं. नवऱ्यांना सगळंच सोपं.

दु. छापखान्यातून फोन, खोपोलीहून. प्रती संपत आल्या, दुसरी आवृत्ती लावतो, काही बदल असतील तर शनिवारपर्यंत फाइल द्या. लिहायला घेतल्यापासून दोन वर्षं याच फोनची वाट पाहिली होती. आनंद झालाही. सांगू कोणाला?

१ मे
लोधिवलीला गेले. आई पडवीत चिंच फोडत बसलेली. प्राची, दादाची मुलगी, तिला रोज दुपारी माझं पुस्तक वाचून दाखवत होती. मला पत्ताच नाही. वाचून संपलंसुद्धा.

चप्पल काढायच्या आत आईनं विचारलं, "ती मेली नव्हती, ह्ये तुला ठावं व्हतं?"

हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार. तिनं जेवायला वाढलं, सुक्या बोंबलाची चटणी, माझ्या आवडीची.

निघताना म्हणाली, "त्याला इचारलं तं त्यो बोलत नाय. तू लिवलंयस, त्या तबेल्यात हाय म्हनून. मला एकदा न्ये तितं."

शेवटच्या प्रकरणातला तबेला. आंब्याची सावली, समोर हिरवा चारा. तो मी माझ्या मनानं लिहिला. शेवट फार वाईट होत होता म्हणून. आईला हे सांगता आलं नाही. बघू म्हटलं आणि पळाले.

३ मे, शनि.
सकाळी फाइलमध्ये हरणी काढून तारा घातलं. कॉम्प्युटरनं एका दमात सगळीकडे बदललं. दुपारी पाठवून दिली. मोकळं वाटेल असं वाटलं होतं. तीनदा उठून ओटा पुसला.

४ मे, रवि.
नेरळहून टॅक्सीनं दस्तुरी. सुट्टीची गर्दी, लीद, लाल धूळ. दादानं मला पाहिलं आणि गिऱ्हाईक घेऊन सरळ निघून गेला. बसून राहिले. दोन फेऱ्या झाल्या. तिसऱ्यांदा आला तेव्हा पाण्याची बाटली पुढं केली. घेतली.

म्हटलं, दादा, चुकलं माझं. दुसऱ्या छपाईत नाव काढून टाकलंय, आता कोणाला कळायचं नाही.

तो सुलतानचा पट्टा ढिला करत होता. थांबला. मग खाली बघत सांगायला लागला. वरातीवाल्यानं पुढच्याच वर्षी तिला दुसऱ्याला दिली, त्यानं तिसऱ्याला. दादा शोधायला गेला होता. पनवेल, पेण, उरणपर्यंत. एकदा नाही, तीनदा. हे मला कधीच सांगितलं नव्हतं त्यानं. पुस्तक आलं तेव्हा मला भरपूर शिव्या घातल्या म्हणे. मग आईनं त्याच्याशी बोलणं टाकलं. मग त्याच्या डोक्यात दुसरंच आलं.

"पुस्तक लांब लांब जातं ना गं? हाक मारली की ती उजवा कान पाडती, ह्ये लिवलंयस तू. कोन तरी वाचंल, त्याच्या दारात आसंल ती, तं सांगंल. नाव ऱ्हाऊ दे."

फाइल गेली हे मी त्याला सांगितलं नाही. हो म्हटलं.

५ मे, सोम.
सकाळपासून छापखान्याचा फोन वाजतोय, कोणी उचलत नाही. मेसेज टाकला, जुनी फाइल परत पाठवली. बघितलेलं दिसत नाही. मुलांना सुट्टी लागली तरी शाळेचं ऑफिस चालूच, तिथून साडेदहाला अर्धी रजा टाकली.

चौक गावच्या नाक्यावर उभी आहे, खोपोलीच्या गाडीची वाट बघत. इथंच, उभ्या उभ्या लिहितेय. दादाचा फोन येऊन गेला, दोन महिन्यांनी पहिला. इतकंच विचारलं, नवीन छापलेलं पुस्तक पेणला मिळंल का.

मिळेल म्हटलं.

गाडी आली. मशीन अजून लावलं नसेल तर