डॉक्टर निघालेत

पार्से, पेडणे
१७ नोव्हेंबर २०२४

चि. गौरेश यास,
अनेक आशीर्वाद.

इकडे सगळी बरी आहेत. आईचा गुडघा दुखतो, पण देवळात जायचं म्हटलं की दुखायचा थांबतो. तुझ्या सिद्धीने पाठवलेलं लोणचं पोचलं.

फोनवर बोलता आलं असतं. पण हल्ली फोन हातात घ्यायचीच भीती वाटते.

तुझ्यावरची तक्रार आली ती माझ्याच टेबलावर. बावीस वर्षं मेडिकल कौन्सिलच्या पणजीच्या कचेरीत डॉक्टरांविरुद्धच्या तक्रारींना नंबर घालतोय. घरचं नाव कधी लिहावं लागलं नव्हतं. फाईल त्याच दिवशी दुसऱ्याकडे द्यायला हवी होती. दिली नाही.

तक्रार करणारी मंगल बेळगावकडची. नवरा सुभाष बांधकामावर. चवथीच्या सकाळी पोटात दुखतं म्हणून तुमच्या हॉस्पिटलात आला. ड्युटी तुझी, आणि तू इथे गणपतीपुढे, माटोळीखाली. "तू आयल्याबगर आरती सुरू जावची ना," म्हणत आरती अडवून मीच तुला ओढून आणलं होतं.

नर्स दीपा सांगते, तिने तुला फोन केला तेव्हा कुणीतरी म्हणालं, "डॉक्टर निघालेत, पावतलेच." म्हणून तिने सुभाषला दुसरीकडे हलवलं नाही. तीन वाजता तो गेला. तू उत्तरात लिहिलंस, फोन आलाच नाही. चौकशी समितीला दीपा खोटारडी वाटते. तिची नोकरी जाईल.

गौरेश, तो आवाज माझा.

तू तबक धरून उभा होतास, तुझा फोन माझ्याकडे होता. वाटलं, एवढी आरती होऊ दे, मग सांगतो. मग पानं वाढली. विसरलो म्हणायची सोय नाही. तुला दुसऱ्यांदा खतखतं वाढताना मला आठवत होतं.

नंतर तू फोनमध्ये तो कॉल पाहिला असणारच. विचारलं नाहीस. मला वाचवलंस की स्वतःला, हे मीही विचारलं नाही.

मंगल सुनावणीच्या तारखेला येते, बाहेरच्या बाकावर बसते आणि मलाच विचारते, "सायेब, खरं काय ते भायर येतंय न्हवं?" मी मान डोलावतो. लाज वाटते रे.

परवा सगळं लिहून सहीनिशी समितीला दिलं. शुक्रवारी साक्षीला मी आहे. आधी तुला सांगितलं असतं तर तू नुसतं "दादा" म्हणाला असतास, आणि माझ्याने झालं नसतं.

येत्या चवथीला तुला ड्युटी असू दे, एवढंच गणपतीकडे मागितलंय. असली तर येऊ नको. आरती तुझ्याविना करू.

तुझा फोन उचललेला,
दादा (कृष्णनाथ)