मले टबच पाहिजे

बैलाच्या टाक्यात बसली म्हणून तू मले वेणी धरून बाहेर ओढलं आन् अंगणभर मारलं, ते तुझं चुकलं होतं. तवाही चुकलं होतं, आजही मी तेच म्हणते. आठ-नऊ वर्षाची होती मी. वैशाखाचं ऊन होतं, बैल वावरात होते, टाकं काठोकाठ भरलं होतं. भाऊ तिकडं विहिरीत उड्या मारून राहिला होता, त्याले कोणी काही म्हणे नाही. मी गळ्याइतक्या पाण्यात गुपचूप बसली होती, कोणाचं काही बिघडवलं नव्हतं. तू आली आन् म्हणाली, "बाईच्या जातीनं आंग धुवावं आन् निघावं, पाण्यात बसू नाही." काहून बसू नाही, ते सांगितलं नाही. तुले तरी कोणी सांगितलं होतं का?

माय, मी तुझी मोठी पोरगी. तू गेली तवा माझे केस काळे होते, आता तुझ्याहून जास्त म्हातारी झाली. चौथीतून काढलं तुम्ही मले, म्हणून अक्षर हे असं हाय. तुले तर तेवढंही वाचता येत नव्हतं, म्हणून मोकळेपणानं लिहून राहिली.

आमचं घर नागपुराच्या कडेले, बेसाले हाय. खालची न्हाणी माझी. तिच्या भिंतीतून पाणी हॉलमंधी झिरपाले लागलं, तवा पोरानं ठरवलं का सारी फोडून नवी कराची. जेवताना मले म्हणते, "आई, शॉवर लावू. काचेची भिंत, आत एक खुर्ची. तू फक्त बसून राहाय. बाई येईन, आंग धुवून देईन."

"कोणती बाई?"

"लावू न कोणी. मागच्या साली पडली होती न तू?"

"पडली होती गा, मेली नव्हती. दुसऱ्याच्या हातानं आंग मेल्यावर धुतात."

सून हसली, पोरगा नाही हसला. "मंग काय पाहिजे तुले? बादली आन् गडवाच ठेवू का?"

मी म्हटलं, "टब."

त्याचा घास हातातच राहिला. टब कायले असते हे मले ठाऊक हाय, टीव्ही मीही पाहते. पोरगा म्हणे त्यात पाय उचलून जा लागते, धोक्याचं काम हाय. सून म्हणे, "आई, पाणी किती जाईन? उन्हाळ्यात नळ एक दिवसाआड येते." मी म्हटलं, मे महिन्यात दुपारी वरच्या काळ्या टाकीच्या पाण्यात चहापत्ती टाकली तर चहा होते. तो शॉवर सोडून मले उकडता का? आताही आपण सकाळीच बादल्या भरून ठेवतो का नाही, दुपारले पाणी थंडं राहावं म्हणून? त्या बादल्यायच्या जागी टब भरा. मी बसीन, उठीन, मंग त्याच पाण्यानं अंगण धुवा, झाडायले टाका. सून बोटावर हिशेब कराले लागली. तिचाच तर धंदा हाय तो, सकाळी नळ गेल्याबरोबर बादल्या मोजाचा. पोरगा म्हणे, "वकील व्हाले पाहिजे होतं तू." मी म्हटलं, तुझ्या आजीले सांग.

तुले खरं सांगते, गोष्ट पाण्याची नाही. तुझ्या घरी होती तवा लुगड्याचा पडदा बांधून दगडावर उभ्यानं आंग धुतलं, तेही उजाडाच्या आत. सासरी गेली तर आंधी माणसायचं, मंग सासूचं, मंग नणंदायचं. हंड्याच्या बुडाशी जे कोमट राहीन ते माझं. तेही चुलीवरची भाजी लागन म्हणून चार गडवे आंगावर घेतले का निघाली. पुढं नागपुरात खोली केली तर न्हाणी तीन बिऱ्हाडात एक, बाहेरून कोणी ना कोणी दार वाजवे. पाठीले काही टेकवून, दार लावून, कोणाची हाक न ऐकता मी आजपर्यंत एकदाही पाण्यात बसली नाही. आता पोरगा म्हणते, परकी बाई आत येईन आन् मले घासीन. म्हणजे ज्या एका दाराआड मी एकटी असते, तेही गेलं. ते मी जाऊ देणार नव्हती.

शेवटी पोरानं अट घातली. "सामानाच्या गोदामात चल. कोणाचा हात न धरता टबात जाऊन दाखव आन् बाहेर निघून दाखव. जमलं तर टब. नाही जमलं तर शॉवर आन् बाई, मंग बोलाचं नाही." मी म्हटलं, बोलणार नाही. जन्मात असा शब्द मी कोणाले दिला नव्हता.

शहराच्या दुसऱ्या टोकाले, वाडीले गेलो आम्ही तिघं, ट्रकायच्या गर्दीतून. एवढं मोठं गोदाम, फरशा, नळ, आन् एका बाजूनं पांढरे टब मांडलेले. दुकानदार म्हणे, "आजी, पाहून घ्या, बसू नका." मी म्हटलं, "नुसतं पाहून जाले मी काय नवरी पाहाले आली का?" चपला काढल्या, लुगडं खोचलं, काठ धरून एक पाय टाकला, मंग दुसरा. बसली. कोरडाच टब होता, पण माय, पाठ अशी टेकली का मी डोळेच मिटले. पोरगा म्हणे, "झोपते काय इथी?" मी म्हटलं, तू नळ पाहून ये. तो दुकानदारासंगं नळ पाहाले वळला.

मी काठावर हात रेटला. गुडघा उठे नाही. पुन्हा रेटला, पुन्हा नाही. तिसऱ्या खेपेलेही नाही. पोरगा आता वळते का मंग वळते. तेवढ्यात सून आली, त्याच्याकडं पाठ करून माझ्यासमोर उभी राहिली, माझ्या बगलेत हात घातला आन् एका झटक्यात मले उभं केलं. पाय बाहेर काढून दिला, पदरही नीट केला.

पोरगा आला. "निघाली?"

"निघाल्या न," सून म्हणे. "तुमचंच ध्यान नव्हतं."

मंग माझ्या कानाशी म्हणे, "आई, खाली खरबडीत चटई टाकू, दोन दांडे लावू. हाक माराल तर मी येईन, दुसरं कोणी नाही. पण दार नुसतं लोटाचं, कडी लावाची नाही." मी म्हटलं, कडीचं पाहू.

सोमवारी टब येऊन राहिला. शेजारची म्हणते या वयात हे काय थेर, मी म्हटलं या वयात नाही तर सरणावर? मी बसणार हाय त्यात, गळ्यापर्यंत, आन् बोटायले सुरकुत्या पडतपर्यंत उठणार नाही.

पण मी उठली नाही माय, मले उठवलं. हे पोराले सांगितलं नाही, सांगणारही नाही. हा कागदही कोणाले दाखवणार नाही, गादीखाली जाईन.

सुनेचा हात बगलेत आला तवा पहिल्यांदा मले रागच आला. मंग तुझा शेवटचा महिना आठवला. मी सासरहून आली होती, तुले पाटावर बसवून आंग धुवून देत होती. तू ओलं लुगडं दोन्ही हातानं छातीशी धरलं होतं आन् तोंड भिंतीकडं केलं होतं. मले घाई होती. "हात काढ वं, मी काय परकी हाय का?" म्हणून मी तुझे हात ओढून काढले. पाणी बराबर हाय का, म्हणून तुले विचारलं, तर ओसरीवरून बाबा म्हणाले, "बराबर हाय, लवकर कर." तू काही बोलली नाही. मी पाणी टाकत गेली.

ते हात मी ओढाले नव्हते पाहिजे. पाणी कसं होतं, ते अजून मले माहीत नाही. आता सांग. बाबा मधात बोलतीन, त्याईले चूप बसव. मी तुले विचारलं होतं, उत्तर तूच दे.